घाट, वाडे आणि कर्सर : वाईतल्या ज्येष्ठांच्या मोबाइल वर्गाचा प्रकरण अभ्यास

वाईत ज्येष्ठांसाठी मोबाइलचा वर्ग काढावा ही कल्पना ज्येष्ठांची नव्हती, त्यांच्या मुलांची होती. मुलं पुण्या-मुंबईला, काही परदेशात. आईवडील गणपती आळीत, ब्राह्मणशाहीत, गंगापुरीत. मुलाने वापरून झालेला फोन आईला द्यायचा, त्यावर व्हॉट्सअॅप टाकून द्यायचं आणि 'जमेल हळूहळू' म्हणून परतीची गाडी पकडायची, हा घरोघरचा शिरस्ता. ते जमत नव्हतं. म्हणून एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठवड्यातून दोन दुपारी वर्ग सुरू झाला. पंधरा-वीस जण, बहुतेक पासष्टीच्या पुढचे, काही ऐंशीच्या घरातले. शिकवायला मी आणि महाविद्यालयातली चार मुलं.

हा वर्ग पूर्ण यशस्वी झाला असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी पक्क्या बसल्या, काही शेवटपर्यंत बसल्या नाहीत. कुठल्या बसल्या आणि का, हे मात्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं. 'वारशातून डिजिटल साक्षरता' हे शब्द हल्ली प्रकल्प-अर्जांत फार सहज लिहिले जातात, त्यामुळे ते नोंदवून ठेवायला हवं.

छापील अभ्यासक्रम

सुरुवातीला हाताशी होता तो नेहमीचा क्रम: फोन चालू-बंद, आवाज, वायफाय, ईमेल खातं, मग यूपीआय. सगळ्यांनी वह्या आणल्या होत्या. सुवाच्य अक्षरात 'हिरव्या गोलावर दाबणे' असं लिहून घेतलं जायचं. पुढच्या खेपेला वही असायची, आठवत काहीच नसायचं. अॅपने रूप बदललं की हिरवा गोल निळा व्हायचा आणि वहीचं पान वाया जायचं.

वय, विसराळूपणा ही कारणं लगेच पुढे केली जातात. मला ती पटत नाहीत. याच माणसांना गावातल्या कोणत्या घरात कुणाची मुलगी दिली हे तीन पिढ्यांपर्यंत तोंडपाठ असतं. खरी अडचण अशी होती की त्या सरावाला काही अर्थच नव्हता. 'स्वतःला एक ईमेल पाठवा' असं सांगितलं की ते पाठवायचे, पण त्या ईमेलची वाट कुणीच पाहत नसे. आयुष्यभर पोस्टात हिशेब केलेल्या, शाळेत मुख्याध्यापकी केलेल्या, एसटीत तिकिटं फाडलेल्या माणसांना लुटुपुटूचं काम दिलं की ती ते सभ्यपणे करतात आणि विसरून जातात.

रास्ते की फडणवीस

वर्गाचा व्हॉट्सअॅप गट होता. सकाळी सुप्रभात, संध्याकाळी सुविचार, मध्ये औषधी काढे. त्यात एके दिवशी एक फॉरवर्ड आला: वाईचा ढोल्या गणपती नाना फडणवीसांनी बांधला. एका निवृत्त शिक्षिका बाईंचं डोकं सणकलं. त्या वर्गात आल्या त्याच मुळी फोन पुढे धरून. "हे खोटं आहे. रास्त्यांनी बांधलंय ते. याला उत्तर कसं द्यायचं ते आधी दाखवा, बाकीचं राहू दे."

मुलांपैकी एक म्हणाला, "सांगा बाई, मी टाइप करतो." बाई म्हणाल्या, "नको. माझ्या नावाने जाणार आहे ना ते? मग मीच लिहिणार."

त्यांनी चार ओळी लिहायला जवळजवळ अख्खी दुपार घेतली. मग दुसऱ्या एका काकांनी विचारलं, "बाई, बरोबरच आहे, पण पुरावा?" ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून माशासारखी टोकदार आहे, हे वाईच्या पोराटोरांना ठाऊक असतं. साल मात्र कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. आणि गंमत अशी, की ज्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, ज्याचं संपादन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी इथेच बसून केलं, ज्याच्या कार्यालयावरून ही मंडळी वर्षानुवर्षं भाजी आणायला जात होती, तो विश्वकोश आता फोनवर फुकट वाचता येतो हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. शोध कसा घ्यायचा, पान कसं उघडायचं, पडद्याचा फोटो कसा काढायचा, तो गटात कसा टाकायचा: छापील क्रमात दोन-तीन धड्यांत पसरलेल्या या गोष्टी त्या दिवशी एका भांडणापोटी झाल्या.

तिथून क्रम बदलला. ठरलं ते एवढंच, की प्रत्येकाने आपापल्या आळीची, घाटाची नोंद करायची. भीमकुंड, धर्मपुरी, रामडोह, मधली आळी, जिथले तिथले लोक होतेच. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव आळीआळीने पाळीपाळीने होतो. १६५९ साली अफझलखान वाईवरून आला तेव्हा केलेल्या नवसातून तो सुरू झाला अशी परंपरा सांगतात. त्यामुळे आळीचा अभिमान नव्याने पेरावा लागला नाही. रामडोहवाल्यांनी पाच फोटो टाकले की गंगापुरीला सात टाकावेच लागत.

'रस्ते वाडा'

लिहायचं कसं, हा पहिला अडसर. मुलांनी बोलून टंकायची सोय दाखवली. मराठीत ती २०१७ पासून आहे आणि ज्येष्ठांना ती जादूसारखी वाटते. पण वाईची माणसं वाईबद्दल बोलायला लागली की यंत्र गडबडायचं. 'रास्ते वाडा' म्हटलं की 'रस्ते वाडा'. 'मधली आळी' म्हटलं की 'मधली आली', नाहीतर 'अळी'. 'धोम'चं काय व्हायचं ते न लिहिलेलंच बरं.

हे आमच्या फार पथ्यावर पडलं. मजकूर नव्वद टक्के बरोबर आणि एकच काना चुकलेला. तो तसा पाठवणं कुणालाच मंजूर नव्हतं, कारण आळीतले लोक वाचणार होते. एक अक्षर दुरुस्त करायचं म्हणजे कर्सर, ती लुकलुकणारी उभी रेघ, नेमका तिथे नेऊन ठेवायचा. टच फोनवरचं सर्वांत अवघड काम कोणतं विचाराल तर मी हेच सांगेन. बोट जरा जास्त टेकलं की शब्द निवडला जातो, निळा होतो, वर कापा-चिकटवाची पट्टी येते आणि समोरचा माणूस घाबरून हात काढून घेतो.

इथे काही कारणं शरीराची आहेत आणि ती शिकवणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. हल्लीचा पडदा बोट टेकल्यावर त्याच्या विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल ओळखतो. म्हातारपणी कातडी कोरडी होते, ते बोट पडद्याला नीट कळत नाही. मग माणूस जोरात दाबतो, जास्त वेळ दाबतो, आणि फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो. टेबलावर ओलसर फडकं ठेवलं, बोट टेकवून मग लिहायचं. फोनच्या 'अॅक्सेसिबिलिटी'च्या सेटिंगमध्ये 'धरून ठेवणं' किती वेळाने मोजायचं हे वाढवता येतं; हात थरथरणाऱ्या दोघांचं निम्मं दुखणं तिथेच गेलं. गूगलच्या कीबोर्डवर स्पेसच्या पट्टीवरून बोट डावी-उजवीकडे सरकवलं की कर्सर एकेक अक्षर सरकतो. हा एक शोध वर्गात ज्या आनंदाने पसरला, तसा दुसरा कुठलाही नाही. एसटीतून निवृत्त झालेल्या काकांनी तो शेजारच्या आळीतल्या मेहुण्याला शिकवला आणि पुढच्या खेपेला त्यालाच घेऊन आले.

फोटो, घंटा आणि साल

मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचं देऊळ. देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा पोर्तुगिजांची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून मराठ्यांनी ज्या घंटा आणल्या त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हा आकडा आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. आम्ही सगळे रिक्षा करून गेलो. डोक्यावरच्या घंटेवरचा आकडा मोतीबिंदूच्या डोळ्यांना कसा दिसावा? फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करायचा. बऱ्याच जणांनी ती घंटा जन्मभर पाहिली होती, आकडा पहिल्यांदा त्या दिवशी वाचला.

संध्याकाळी तेच फोटो गटात टाकले, तर आकडा पुसट. व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं, हे तेव्हा कळलं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जशाच्या तसा जातो. हा धडा मी एरवी शिकवला असता तर कुणी जांभई दिली असती. वसईच्या अशाच घंटा आणखी कुठे आहेत, यावर नंतर घरोघरी शोध झाले. नाशिकची नारोशंकराची घंटा सापडली, भीमाशंकरची सापडली, आणि एका आजींनी नाशिकच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावून तिथली घंटा 'जाऊन दाखव' म्हणून पिटाळलं.

घरातल्या जुन्या फोटोंचं काम जास्त किचकट. काचेच्या चौकटीवर दिव्याचा डाग येतो, म्हणून ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फोन सरळ समोर धरून टिपायचा. मागे काही लिहिलं असेल तर तोही फोटो घ्यायचा. साल बहुधा नसतंच. मग विचारायचं, हे कोयनेच्या भूकंपाच्या आधीचं की नंतरचं? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सातारा जिल्ह्यातल्या त्या वयाच्या माणसाला विसरता येत नाही. पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १९६१? बहात्तरच्या दुष्काळात? धोम धरणाच्या आधी घाटावर पाणी कुठवर चढायचं? अशा खुणांवरून फोटोची वर्षं ठरत गेली आणि फाइलला नावं देण्याची पद्धतही तिथेच सुरू झाली: आधी आळी, मग विषय, मग अंदाजे साल. 'नवीन रेकॉर्डिंग १७' अशा नावाची फाइल आपल्याच फोनमध्ये कायमची हरवते, हे दोनदा तरी सगळ्यांनी अनुभवलं होतं.

ऐंशीपुढच्या एका आजोबांना वडिलांनी शिकवलेली मोडी येत होती. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, जागा मिळाली असली तरी आपल्या रोजच्या फोनवर ती लिहायची सोपी सोय नाही. त्यांना आम्ही कागद वाचायला लावले आणि आवाज नोंदवून घेतला. त्यातून एक अडचण उभी राहिली. एका घरच्या वाटणीपत्राचा फोटो गटात गेला. त्यात हिस्से, नावं सगळं होतं, आणि गटात भाऊबंद होते. दोन दिवस वर्गात तणाव. 'सर्वांसाठी हटवा' हे बटण तेव्हा सगळ्यांनी शिकून घेतलं, आणि त्याला वेळेची मर्यादा असते हेही. ज्यांनी आधीच फोटो उतरवून घेतला त्यांच्याकडून तो परत येत नाही. गोपनीयतेवर मी पुन्हा वेगळं व्याख्यान दिलं नाही. नियम त्यांनीच केला: जमिनीचे, वाटणीचे, दत्तकाचे कागद गटात नाहीत.

फोन आईचा, खातं मुलाचं

वर्गातली सर्वांत मोठी तांत्रिक अडचण ना कर्सरची होती ना इंटरनेटची. जवळजवळ निम्म्या फोनांवर गूगल खातं मुलाचं किंवा सुनेचं होतं. आईने काढलेले घाटाचे फोटो आपोआप मुलाच्या खात्यात चढत. ते भरलं की तिकडून फोन येई, "आई, काय एवढे फोटो काढतेस?" पासवर्ड मुलाकडे, ओटीपी मुलाच्या नंबरवर. एक काकू हसत म्हणाल्या, "म्हणजे मी माझ्या घाटाचा फोटो काढायचा आणि परवानगी बोरिवलीतून घ्यायची."

मुलांचा हेतू वाईट नव्हता. तीनदा पासवर्ड विसरल्यावर त्यांनी सोयीचा मार्ग काढला होता. पण ज्याच्या नावावर खातंच नाही, त्याला शिकवलेलं सगळं उसनं राहतं. हे उलगडायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला: नवीन खातं, स्वतःचा नंबर, पासवर्ड कागदावर लिहून देवघरातल्या पोथीत. सुरक्षेचे जाणकार नाक मुरडतील, पण पोथीत हात घालणारा चोर मला अजून भेटायचा आहे. काही घरांत मुलांनी खातं सोडायला नकार दिला. तिथे आम्ही आग्रह धरला नाही.

देवळाबाहेरच्या

पहिल्या काही आठवड्यांचा संग्रह पाहिला तर त्यात देवळं, वाडे, दगडी दीपमाळा आणि पुरुषांचे आवाज. बायका फोटो काढत, बोलत नसत. "आम्हाला काय इतिहास ठाऊक? सनावळ्या यांना विचारा." वारसा म्हटलं की कुणी बांधलं आणि कधी, एवढाच प्रश्न डोळ्यांपुढे येतो, आणि त्याचं उत्तर ठराविक लोकांकडेच असतं.

मुलांपैकी एकीने प्रश्न फिरवला: कुठल्या घाटावर कपडे धुवायचात? मग थांबवणं कठीण झालं. कुठली पायरी कुणाची, कुठे शेवाळ, पूर आला की कुठल्या पायरीला पाणी लागल्यावर सामान माळ्यावर चढवायचं, बाळंतिणीचे कपडे कुठे, कुणाला कुठल्या घाटावर येऊ देत नसत. हे शेवटचं सांगताना आवाज खाली गेले, पण सांगितलं गेलं. एका धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी, ज्या वर्गात मुळात एका काकूंच्या सोबतीला येत, सगळ्यांत लांब रेकॉर्डिंग केलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. बोलून पाठवणं, ऐकणं, नको ते पुसणं, चित्रावरून माणूस ओळखून कॉल लावणं हे सगळं त्यांनी अक्षराशिवाय शिकून घेतलं, आणि वर्गातल्या दोन पदवीधरांपेक्षा लवकर. छापील क्रमात त्यांना पहिल्याच पानावर जागा नव्हती.

त्यांचं रेकॉर्डिंग गटात टाकावं की नाही यावर मतभेद झाले. वाईचं नाव खराब होईल असं काहींना वाटलं. मावशी म्हणाल्या, "माझ्या फोनात राहू द्या, मागाल त्याला ऐकवीन." तसंच ठरलं.

पैशाच्या बाबतीत

माझा होरा असा होता की 'कुणी सांगितलं, कुठे लिहिलंय' ही सवय एकदा लागली की ती फसवणुकीच्या फोनलाही उपयोगी पडेल. फॉरवर्ड तपासण्यात ही मंडळी खरोखर तरबेज झाली होती. पैशाच्या बाबतीत ते घडलं नाही. महाविद्यालयातल्या मुलांनी सरावासाठी बँकेतून, पोलिसांतून बोलतोय असं भासवून फोन केले, तेव्हा रास्ते-फडणवीस वादात विश्वकोश पुढे करणाऱ्यांपैकीही काहींनी आकडे सांगून टाकले. कारण उघड आहे. फॉरवर्ड निवांत बसून तपासता येतो. फोनवरचा माणूस निवांतपणा मिळूच देत नाही, भीती घालतो. 'डिजिटल अटक' म्हणून लोकांना तासन् तास व्हिडिओवर बसवून ठेवतात ते याच जोरावर.

म्हणून हा भाग वारशाच्या पांघरुणाखाली न नेता उघडच शिकवला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत. शंका आली की फोन ठेवायचा आणि बँकेच्या पासबुकावरच्या नंबरला स्वतः लावायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. फोन मध्येच ठेवून देणं हे या पिढीला उद्धटपणाचं वाटतं, आणि तेवढ्यासाठी तो सराव पुनःपुन्हा करावा लागला. तरीही वर्गातले मोजकेच लोक आज यूपीआय वापरतात. बाकीच्यांनी विचारपूर्वक नको म्हटलं, आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही. हयातीचा दाखला मात्र नोव्हेंबरात चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, हे पेन्शनरांनी झटकन उचललं. घंटेचे आणि जुन्या चौकटींचे फोटो काढून उजेड कुठून हवा हे कळलं होतंच.

सध्याची स्थिती

वर्ग संपून बरेच महिने झाले. गट चालू आहे. ढोल्या गणपतीचे, घाटांचे स्वतः काढलेले काही फोटो दोघांनी विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहावर, चढवले. घरातले जुने फोटो तिथे टाकले नाहीत, कारण ते स्टुडिओवाल्याने काढलेले, आणि हक्क कुणाचा हे ठरेना. मुलं पदवी घेऊन गावाबाहेर गेली.

संग्रह एका सामाईक गूगल खात्यावर आहे आणि त्याची फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरत आली आहे. वर्गणी काढून जागा विकत घ्यावी असं एसटीवाल्या काकांचं मत. बाईंचं म्हणणं, आधी एकाच देवळाचे एकसारखे चाळीस फोटो आहेत ते पुसा, मग पैशाचं बोलू. कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा यावर गेल्या बैठकीत रामडोह आणि गंगापुरीचं जमलं नाही. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत खात्याचा पासवर्ड बाईंकडे राहील, आणि त्यांच्या संमतीशिवाय एकही फोटो पुसायचा नाही असं ठरलं आहे.